गाता गाता वाजवायला रोलँड एफपी-१०: पेटीची सवय मोडणारा पियानो

इंदूरच्या मराठी घरांत पेटीवर गाणं कुणाला नवं नाही. पण तोच हात घेऊन जाझ गायला एफपी-१० या डिजिटल पियानोपुढे बसलं की पहिल्याच ओळीत गडबड होते. उजवा हात गळ्याच्या मागोमाग प्रत्येक सूर दाबत सुटतो. पेटीवर ते खपतं, कारण भाता सूर धरून ठेवतो. पियानोचा सूर मात्र वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, त्यामुळे प्रत्येक शब्दावर टोला मारल्यासारखं होतं.

गाता गाता पियानो वाजवणारा अमेरिकी जाझ कलाकार नॅट किंग कोल, त्याच्या १९३७ च्या त्रिकुटात पियानो, गिटार आणि बास, एवढंच, ड्रम नव्हते. म्हणजे थोडक्यातही भागतं. ओळ चालू असताना डाव्या हातात कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचे) तिसरा आणि सातवा असे दोनच सूर ठेवावेत, मधल्या ‘सी’च्या आसपास, आणि उजव्यानं श्वासाच्या जागा भराव्यात. हे दोन सूर गळ्याखाली हळू वाजले पाहिजेत, आणि एफपी-१० ची खरी कमाई तिथेच आहे. ८८ वजनदार पट्ट्या, खर्जाकडे जड, वर हलक्या. अगदी हळू दाबलं तरी सूर गिळला जात नाही.

सोबतचं पेडल तेवढं कच्चं. ते चालू-बंद एवढंच जाणतं, अर्धं दाबलेलं त्याला कळत नाही. डीपी-१० पेडल वेगळं घ्या. स्वतः पियानो वाजवत गाणारी जाझ गायिका शर्ली हॉर्न, तिची लय इतकी सावकाश, की अमीर खाँसाहेबांचा विलंबित झूमरा ताल ऐकलेल्या इंदूरकराला ती लगेच आपली वाटावी. अशा लयीत पेडल कॉर्डबरोबर बदललं नाही तर शब्द चिखलात रुततात.

ट्रान्सपोज आहे, म्हणजे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर वर-खाली करता येतात. घरी काळी दोनवरून काळी एकवर यायला सोयीचा, पण गिटारवाला सोबत असेल तर बंद ठेवा. तो तुमच्या बोटांकडे बघून कॉर्ड धरतो आणि दोघं वेगवेगळ्या सुरांत वाजवता. वाद्याचा आवाज (टोन) बदलायला फंक्शन बटण धरून पट्टी दाबावी लागते. गाण्याच्या मध्ये ते जमत नाही.

स्पीकर ६ वॅटचे दोन, तेही तळाशी. टेबलावर ठेवला की आवाज दबतो, स्टँडवर मोकळा होतो. माइक स्टँडचा आडवा दांडा (बूम) समोरून, पियानोच्या पलीकडून आणा. बाजूला लावला तर प्रत्येक ओळीला मान वळते.

कार्यक्रमाला नेणार असाल तर मुख्य अडचण ही: लाइन आउट, म्हणजे मिक्सरला आवाज द्यायचं वेगळं छिद्र, नाही. हेडफोनच्या ३.५ मिमी छिद्रातून दोन ६.३५ मिमी मोनो टोकांची केबल मिक्सरच्या दोन चॅनेलना द्यावी लागते. केबल खोचली की आतले स्पीकर बंद, म्हणजे मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) नसेल तर स्वतःचे कॉर्ड ऐकू येत नाहीत आणि गळा चढायला लागतो. पियानोचा आवाज पाऊण ठेवून बाकीचं मिक्सरवर वाढवा. यूएसबीला लॅपटॉप जोडलेला असताना घरघर आली तर त्याचा चार्जर काढून बघा.

महिन्याला दोन कार्यक्रम असतील तर थेट एफपी-३०एक्स घ्या, त्याला लाइन आउट आहे. घरच्या रियाजाला एफपी-१० पुरतो, १२.३ किलोचा आहे, एकट्याला जिन्यावरून नेता येतो.