धोबीतलावची ट्रॉफी आणि अठरा सोनेरी षट्कोन

धोबीतलावच्या ट्रॉफीच्या दुकानांत बॅट उगारलेले फलंदाज, कबड्डीपटू, माईक धरलेल्या गायिका, सगळे मिळतात. दुर्बीण नाही मिळत. परळच्या आमच्या आकाशनिरीक्षण गटातली पोरं सहा इंची काच कार्बोरंडमच्या खरखरीत भुकटीने हाताने घासून दुर्बिणीचा आरसा करतात. यंदा उत्तम आरशाला बक्षीस द्यायचं ठरलं, म्हणून ही पायपीट. एका ठिकाणी तर "मायक्रोस्कोप चालेल का?" असंही विचारून झालं. मेट्रो सिनेमाजवळच्या गल्लीतल्या या दुकानात मात्र शेठनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली.

मी हवाईतल्या केक दुर्बिणीचा आरसा काढला. दहा मीटर व्यास, पण अखंड काच नव्हे, ३६ षट्कोनी तुकडे. डोकं जेरी नेल्सन यांचं. २०१० चं खगोलभौतिकीचं कावली पारितोषिक त्यांना रे विल्सन आणि रॉजर एंजल यांच्यासोबत विभागून मिळालं. मोठा आरसा स्वतःच्याच वजनाने वाकतो, हे तिघांचंही दुखणं. विल्सननी पातळ आरशाला मागून रेटे देऊन आकारात ठेवलं, तर एंजलनी फिरत्या भट्टीत आतून पोकळ, हलके आरसे ओतले.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. "साहेब, ह्या साइजमध्ये छत्तीस कापले तर कडा जळणार. अठरा करा ना."

अठरा म्हणजे जेम्स वेब! २०२१ च्या नाताळात उडालेली अवकाश दुर्बीण. तिचे १८ आरसे बेरिलियमचे, वर सोन्याचा पातळ थर, कारण ती टिपते ते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोन्यावरून झकास परततात. आणि दुकानात सोनेरी आरसा-अ‍ॅक्रिलिक पडूनच होतं. सौदा तिथेच पक्का.

लेझरचं काम अव्वल. कडा स्वच्छ, फटी सगळीकडे सारख्या. नमुन्यात तेवढा मधला षट्कोनही भरून त्यावर '१' चिकटवला होता. मधली जागा रिकामीच हवी, समोरच्या छोट्या आरशावरून परतलेला प्रकाश तिथूनच आत जातो. "खाली-खाली वाटेल," म्हणून शेठ कुरकुरले, पण काढला.

खालचा लाकडी ठोकळा मात्र फारच हलका. पंख्याखाली ट्रॉफी डुलते. आणि मराठी अक्षरांची पार दैना. 'उत्कृष्ट'मधला त मोडून पाय लोंबकळत होता, 'षट्कोन' तर वाचवत नव्हता. पट्टी बदलून दिली, जादा पैसे न घेता, पण कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. तोवर माझा जीव टांगणीला.

भाव इतरांपेक्षा थोडा चढा, घासाघीस चालत नाही, घरपोच पाठवत नाहीत. तयार कप हवा असेल तर शेजारची दुकानं स्वस्त पडतील. स्वतःचं डिझाइन असेल तर इथेच या. फक्त मजकूर टाइप करून पाठवू नका, त्याचं चित्र करून द्या. पाचपैकी चार.