हेलसिंकीत वाजलेलं माझं गाणं

गाणं काढून देतो म्हणून एकानं माझे साठ हजार घेतले आणि गाणंही नेलं, ते रॅप करणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. त्यांच्या आयांनी वाचलं तर आणखी बरं, कारण पैसे शेवटी त्यांच्याकडनंच येतात. फसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणून सांगितलंय. स्टुडिओ कोल्हापुरात, राजारामपुरीत कितव्या गल्लीत होता तेही विचारू नका. आता तिथं नेल आर्टचं दुकान आहे.

मी २३ वर्षांचा. मंगळवार पेठेत राहतो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर (कॉम्प्युटरवर चालणारं) ऑपरेटर आहे. पप्पा उद्यमनगरात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, तीस वर्षं झाली. २०२३ मध्ये पुण्याचा एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला तेव्हा आमच्या भागातली पाच-सहा पोरं एका आठवड्यात रॅपर झाली. मी त्याच्या आधीपासनं लिहीत होतो हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो, म्हणजे मीही त्यातलाच. बाकीच्यांनी दोन महिन्यांत सोडून दिलं, मी चिकटून राहिलो.

सेकंड शिफ्ट सुटली की साडेअकराच्या पुढं घरी पोचायचो. दोन खोल्यांचं घर, रेकॉर्डिंग करायचं कुठं? लोखंडी कपाटाचं दार उघडायचं, आईच्या साड्यांमध्ये अडीच हजारांचा माइक धरायचा आणि डोक्यावरनं गोधडी घ्यायची. आवाज घुमत नाही. मार्चमध्ये घामानं अंघोळ होते तेवढंच. आतल्या खोलीतनं पप्पा विचारायचे, "झालं का रं तुझं भजन? सकाळी कामाला जायचंय लोकांना."

ज्या गाण्यापायी हे रामायण घडलं त्याच्या पहिल्या दोन ओळी तेवढ्या देतो. कागदावर त्या आता माझ्या नाहीत, पण कुणी विचारायला आलंच तर बघू:

बाप लोखंड किसतोय, पोरगं शब्द किसतंय
हाताला काय लागलंय ते लांबनं कुठं दिसतंय

रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण रंकाळ्यावर जमायचो. गोल करून उभं राहायचं, एकानं हलगी धरायची, दुसऱ्यानं मोबाईलच्या स्पीकरवर बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, लावायची आणि एकेकानं सुटायचं. याला सायफर म्हणतात. फिरायला आलेले आजोबा लोक 'शाहिरी तरी नीट करा की' म्हणून जायचे. तिथं जानेवारी २०२५ मध्ये हा माणूस आला. वय पस्तिसीचं, हातात गिम्बल (शूटिंग हलू नये म्हणून मोबाईल धरायची दांडी), बोलायला एकदम गोड. सगळे त्याला दादा म्हणायला लागले, मी पण. त्यानं माझं शूट केलं आणि दोन दिवसांत रील एडिट करून पाठवली. फुकट. रील चांगली होती, ११ हजार लोकांनी बघितली. कंपनीतल्या सुपरवायझरनं ती बघून मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

हे मुद्दाम सांगतोय. पहिलं काम त्यानं खरं केलं आणि चांगलं केलं. आल्या आल्या पैसे मागितले असते तर मी पण काय एवढा येडा नव्हतो. महिनाभर तो फक्त फोन करायचा, नवीन काय लिहिलंस म्हणून विचारायचा. घरात, कंपनीत, मित्रांत, कुणीच मला हे विचारत नव्हतं. 'तू आर्टिस्ट आहेस भावा, मशिनवर हात खराब करू नकोस,' असं तो म्हणायचा. माझ्या बापाचे हात कसले आहेत हे त्याला माहीत होतं, गाण्यातच होतं की. मला तेव्हा ते खटकलं नाही, याचीच आता लाज वाटते.

मग पॅकेज आलं. एकूण ६० हजार: बीटचे ८, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचे १२, व्हिडिओचे २५, प्रमोशनचे १५. बीट 'आमच्या प्रोड्युसरनं फक्त तुझ्यासाठी बनवलेली', आणि प्रमोशनमध्ये '३० हजार प्ले गॅरंटी'. माझ्याकडं साठवलेले २२ हजार होते. राहिलेले ३८ आईनं दिले. तिची वीस बायकांची, महिना दोन हजारांची भिशी आहे. तिचा नंबर दिवाळीत होता, तो तिनं शेजारच्या काकूंशी बदलून मार्चमध्येच उचलला. चाळीस हजार आले. त्यातल्या उरलेल्या दोन हजारांत तिनं महाद्वार रोडवरनं मला एक काळं जॅकेट आणलं, व्हिडिओत घालायला. पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं.

सही करायच्या दिवशी मी सेकंड शिफ्टला जायच्या घाईत होतो. सहा पानं, सगळी इंग्रजीत. पहिलं पान पाचशेच्या स्टँपवर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासनं शंभराचा स्टँप जाऊन पाचशेचा आला, ते त्यानंच मला सांगितलं आणि म्हणाला, "पाचशे मी भरतो, तू लेकरू आहेस." मी सुखावलो. नोटरीचा शिक्का होता त्यामुळं सगळं सरकारी आणि पक्कं वाटलं. नोटरी फक्त सही कुणी केली ते बघतो, आत काय लिहिलंय त्याची हमी देत नाही, हे मला नंतर कळलं. दादानं तोंडी सांगितलं ते असं: "हे डिस्ट्रिब्युशनचं ॲग्रीमेंट आहे. स्पॉटिफायवर गाणं टाकायला लागतंच." मी प्रत्येक पानावर सही केली. एका यमकासाठी चार-चार रात्री जागणारा मी, ती सहा पानं चार मिनिटांत संपवली.

एप्रिलमध्ये गाणं आलं. व्हिडिओ त्याच्या कंपनीच्या चॅनेलवर, ऑडिओ सगळीकडं. नऊ दिवसांत स्पॉटिफायवर ३८ हजार प्ले. दादा रोज रात्री आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा आणि मी तो स्टेटसला ठेवायचो. आईनं भिशीतल्या बायकांना मोबाईल फिरवून फिरवून दाखवला.

गंमत म्हणजे तेवढ्या ३८ हजारांत इन्स्टाला माझे फॉलोअर १४ वाढले.

म्हणून एक दिवस मी स्पॉटिफायवरच्या माझ्या आर्टिस्ट प्रोफाइलवर स्वतः हक्क सांगून गायकांसाठीचं ॲप उघडलं. त्यात ऐकणारी माणसं कुठल्या गावची ते दिसतं. दादाच्या स्क्रीनशॉटमध्ये हे पान कधीच नसायचं. एक नंबरला हेलसिंकी. दोनला फ्रँकफर्ट. तीनला ॲशबर्न, ते कुठं आहे मला बघायला लागलं, तर अमेरिकेत, डेटा सेंटरांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. कोल्हापूर नवव्या नंबरला, ४१ माणसं. त्यातली निम्मी मी तोंडानं सांगू शकलो असतो. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "फिनलंडला आपली माणसं आहेत काय रं?"

आता जरा कामाचं बोलतो. '३० हजार प्ले गॅरंटी' असं कुणी म्हणालं की ऐकणारी माणसं नसतात, मशिन असतात. कुठल्या तरी सर्व्हरवर खाती उघडून गाणं रात्रंदिवस फिरवतात. स्पॉटिफायनं २०२४ पासनं नियम केलाय की वर्षभरात १,००० प्ले झाल्याशिवाय त्या गाण्याला पैसेच नाहीत, त्यामुळं नवीन पोरं घाबरतात आणि हे विकणाऱ्यांचं फावतं. आणि खोटे प्ले पकडले गेले की आकडा तर उडतोच, दंड लागू शकतो, गाणंही काढलं जाऊ शकतं. माझं जूनमध्ये काढलं गेलं. त्या ४१ माणसांसकट.

त्याच्या आधी मे महिन्यात आणखी एक झालं होतं. यूट्यूबच्या व्हिडिओवर बीटसाठी क्लेम, म्हणजे 'ही बीट माझी' असा दावा, आला, परदेशातल्या एका प्रोड्युसरचा. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "होतं असं, टेक्निकल आहे." मी हेडफोन लावून पहिले चार सेकंद वीस वेळा ऐकले. हलगी सुरू व्हायच्या जरा आधी एक श्वास आहे, बाईचा. नुसता श्वास. नेटवर ती मूळ बीट सापडली तेव्हा कळलं की त्या श्वासानंतर ती बाई प्रोड्युसरचं नाव कुजबुजते. तेवढं नाव कापलं होतं, श्वास राहून गेला होता. माझ्या आठ हजारांची ही 'फक्त तुझ्यासाठी' बीट. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या प्रोड्युसरला मेल केला. तो सभ्य निघाला. त्यानं सांगितलं, बीट शिकायला आणि सरावाला फुकट आहे, गाणं बाजारात आणायचं तर लायसन्स ३० डॉलरला. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास.

म्हणून बीट घेताना मूळ बनवणाऱ्याच्या नावाचा लायसन्सचा कागद मागा. त्यात एक्स्क्लुझिव्ह (फक्त तुम्हाला) आहे का लीज (इतरांनाही देता येते अशी), किती प्लेपर्यंत चालते, सगळं असतं. मधला माणूस कागद देत नसेल तर बीट त्याची नाही, विषय संपला.

जुलैमध्ये मी ठरवलं, जाऊ दे ती बीट. रंकाळ्यावर बसून नुसत्या हलगीवर तेच गाणं पुन्हा गायलो आणि माझ्या स्वतःच्या चॅनेलवर टाकलं. तिसऱ्या दिवशी कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे दुसऱ्याचं गाणं वापरलं म्हणून यूट्यूबची कारवाई. दादाच्या कंपनीकडनं. माझे शब्द, माझा आवाज, माझ्या मित्राची हलगी आणि स्ट्राइक मलाच. ९० दिवसांत असे तीन आले की चॅनेलच बंद होतं. फोन केला तर दादाचा आवाज बदलला होता. भावा नाही, लेकरू नाही. "ॲग्रीमेंट वाच," म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर नंबर ब्लॉक.

त्या रात्री पप्पांना सांगायलाच लागलं. वाटलं होतं मार खाईन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, ती सहा पानं पुढं-मागं करत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. मग म्हणाले, "ड्रॉइंग बघितल्याशिवाय जॉब चकात धरतोस काय रं तू?"

म्हणजे नकाशा न बघता लोखंडाचा तुकडा मशिनवर चढवतोस काय. मी म्हणालो, नाही.

"मग?"

ऑगस्टमध्ये त्यांनीच मला ओळखीच्या वकिलांकडं नेलं. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू व्हायची ती गडबड, वकिलांना बोलायला सवड नव्हती, तरी त्यांनी चहा मागवून सहाही पानं वाचली. चौथ्या पानावर थांबून हसले. 'इन पर्पेच्युइटी, थ्रूआउट द युनिव्हर्स.' म्हणजे कायमचं आणि अख्ख्या विश्वात. "उद्या चंद्रावर वाजलं तरी ह्याचंच म्हणायचं," ते पप्पांना म्हणाले. पप्पा हसले नाहीत. डिस्ट्रिब्युशन हा शब्द फक्त मथळ्यात होता. आत गाण्याचे शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं त्याला लिहून दिलं होतं. आणि पुढच्या तीन वर्षांत मी जे लिहीन ते आधी त्याला दाखवायचं, असंही.

वकिलांकडनं जे कळलं ते सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क लिहून देताना कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे कागदात लिहायला लागतं. वर्षं लिहिलीच नसतील तर कायदा पाचच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर हे लोक 'कायमचं' आणि 'विश्वात' असं मुद्दाम टाकतात. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करायला १९६९ पासनं आयपीआरएस नावाची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांना तिचं सभासद होता येतं. मी हे सगळं गाणं गेल्यावर शिकलो. तुम्ही निदान आधी वाचा.

आणि डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय तर ऑनलाइन खातं उघडायचं आणि गाणं अपलोड करायचं. काही कंपन्या वर्षाला थोडे पैसे घेतात, काही फुकट टाकतात आणि कमाईतनं टक्का कापतात. खातं तुमच्या मेलवर, तुमच्या बँकेला जोडलेलं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. यासाठी कुणाला गाणं लिहून द्यायला लागत नाही. लागतं असं जो म्हणेल त्याच्या स्टुडिओतनं चप्पल घालून बाहेर पडा, कितीही निऑन लाइट लावलेले असू देत.

पोलिसांत अर्ज दिलाय. सही तुझी, पैसे तू स्वतः दिलेस, बघू, असं तिथलं उत्तर. अगदी चुकीचं पण म्हणता येत नाही. ऑनलाइन पैसे पाठवून फसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तिथं वेळेला किंमत असते. मी पाच महिने थांबून गेलो. वकिलांनी नोटीस पाठवली, ती 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली. माझ्यासारखी अजून चार पोरं निघालीत, दोन इचलकरंजीची, एक सांगलीचा, एक निपाणीचा. निपाणीच्या पोरानं आजीची बोरमाळ मोडून पैसे दिले होते. पाचही कागदांत स्पेलिंगची चूक एकाच ठिकाणी आहे. आता पाच जण मिळून लढतोय.

दोन महिने मी काही लिहिलं नाही. शिफ्टला जायचो, यायचो, झोपायचो. रंकाळ्याकडनं गाडी न्यायची वेळ आली तरी लांबनं वळसा घालायचो. मग नोव्हेंबरमध्ये एका रात्री पप्पा आतनं म्हणाले, "आज भजन न्हाय?" मी कपाट उघडलं.

नवीन गाणं जानेवारीत टाकलं, माझ्या खात्यावर, मित्रानं बनवलेल्या बीटवर. बीटचा कागद मराठीत लिहिलाय, एका पानाचा, दोघांच्या सह्या, निम्मं-निम्मं. पप्पांनी तो मोठ्यानं वाचला, मग आम्ही सही केली. २१२ प्ले झालेत. एक नंबरला कोल्हापूर, दोनला पुणे, तीनला इचलकरंजी.

भिशीचे हप्ते आता मी भरतो. जूनपर्यंत आहेत, अजून चार राहिले.