मेथोट्रेक्सेट पुरेना, आता पुढे काय? टीएनएफचं इंजेक्शन, टोफाची गोळी की रिटुक्सिमॅब

आमवाताचं नेहमीचं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, असं महिनोन्‌महिने नेमाने घेतलं तरी सकाळी बोटं तासभर आखडलेलीच. रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी उतरायचं नाव घेत नाही. मग डॉक्टर पुढच्या औषधाचं बोलतात आणि घरीदारी सल्ले सुरू होतात. पुण्यात त्यांना काय तोटा! पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा प्रौढांत सुमारे अर्धा टक्का लोकांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात, आढळला होता. त्यामुळे ओळखीत कोणीतरी पेशंट निघतोच, आणि तो म्हणतो, गोळी मिळत असताना सुया कशाला टोचून घेता?

माझ्या मते गोळी की सुई हा प्रश्न नंतरचा. औषध कोणत्या पेशीचा हात धरतं आणि ती पेशी एरवी तुमच्यासाठी काय करत होती, हे आधी विचारा.

सांध्याच्या आतलं अस्तर निरोगी माणसात जेमतेम एक-दोन पेशींच्या थराएवढं असतं. आमवातात तिथे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींची गर्दी उसळते. टी पेशी चिथावणी देतात, मॅक्रोफेज पेशी टीएनएफ आणि आयएल-6 ही सूज वाढवणारी रसायनं सोडतात. बी पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटीबॉडी बनवतात. अस्तर जाड होऊन कूर्चेवर चढतं आणि हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना ऊत येतो. तिन्ही औषधं ही साखळी तोडतात, पण वेगवेगळ्या कडीशी.

टीएनएफ अडवला की पुढचं बरंच काही शांत होतं, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या संशोधकांनी 1992 पासूनच्या चाचण्यांत दाखवलं. आज त्या जातीचं नेहमीचं औषध अ‍ॅडॅलिम्युमॅब: 40 मिलिग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. 2014 मध्ये झायडस कंपनीने त्याचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, आणलं. इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवायचं, गार टोचलं तर जास्त झोंबतं. फ्रीझरमध्ये मात्र चुकूनही नाही.

खरी अडचण टीबीची. टीबीचे जंतू शरीरात झोपलेले असतात तेव्हा मॅक्रोफेज त्यांना गराडा घालून बसलेले असतात आणि हा गराडा टिकवायला टीएनएफच लागतो. तो काढून घेतला की कोंडलेले जंतू बाहेर. आपल्याकडे असा झोपलेला टीबी कित्येकांत असतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि कातडीवरची माँटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आधी हवीच. चाचणी पॉझिटिव्ह आली तर टीबी-प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन चालू करतात. या चाचण्यांशिवाय कोणी लगेच टोचायला निघालं, तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

टोफासिटिनिब, म्हणजे टोफा, रोज दोनदा 5 मिलिग्रॅम. बाहेरून येणारी सुजेची रसायनं पेशीला जो निरोप देतात, तो आत पोचवणारी जॅक नावाची एन्झाइम्स ही गोळी थोपवते. एकाच वेळी अनेक निरोप थांबतात, म्हणून गुण लवकर येतो. जेनेरिक मिळत असल्याने खर्चही इंजेक्शनपेक्षा बराच कमी, सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत चौकशी केलीत तर कळेलच. ताप आला, इन्फेक्शन झालं तर गोळी थांबवली की एक-दोन दिवसांत शरीरातून जाते, अ‍ॅडॅलिम्युमॅब मात्र कित्येक आठवडे रेंगाळतं. हा फायदा लोक विसरतात. टीबीची तपासणी इथेही चुकत नाही, आणि नागीण उठण्याचं प्रमाण या गोळीत जास्त आहे. नागिणीची लस घ्यायची तर आधीच घेतलेली बरी.

पण वय पन्नासच्या पुढे आणि जोडीला बीपी, शुगर, सिगारेट यांपैकी काही असेल तर मी हात आखडता घेईन. अशाच लोकांवरच्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण टोफावर 3.4 टक्के, टीएनएफच्या इंजेक्शनवर 2.5 टक्के होतं. कॅन्सरचं 4.2 विरुद्ध 2.9. त्यावरून 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कडक इशारा दिला. फरक लहान वाटेल, पण गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते.

रिटुक्सिमॅब सहसा या दोघांनंतर येतं. ते सीडी20 ही खूण अंगावर असलेल्या बी पेशी संपवतं. प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे अँटीबॉडी काही एका रात्रीत उतरत नाहीत आणि गुण यायला वेळ लागतो. 1000 मिलिग्रॅमची सलाइन, पंधरा दिवसांनी दुसरी, मग साधारण सहा महिने सुटका. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर जास्त उपयोग. टीबी होऊन गेलेल्यांना हा मार्ग सोयीचा, कारण इथे टीबी उलटण्याचा धोका टीएनएफवाल्यांसारखा नाही. त्याची जागा कावीळ बी, म्हणजे हिपॅटायटिस बी, घेते: जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून ती तपासणी सक्तीची. बी पेशीच नसल्या तर लसही लागू पडत नाही. फ्लू, न्यूमोनियाच्या लसी पहिल्या सलाइनच्या किमान चार आठवडे आधी उरका.

मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट आणि टोफा दोन्ही बाजूला पडतात. टीएनएफच्या काही इंजेक्शनांना तेव्हाही जागा राहते, ते आधीच बोलून ठेवा. एरवी सुरुवात टीएनएफच्या इंजेक्शनाने करावी असं मला वाटतं. चाळिशीच्या आतला, सिगारेट न ओढणारा, सतत फिरतीवर असलेला माणूस असेल, तर टोफाला माझी हरकत नाही. यांतली दोन औषधं एकदम देत नाहीत, मेथोट्रेक्सेट मात्र सोसत असेल तर जोडीला चालूच ठेवतात. मेडिक्लेम असेल तर सलाइन डे-केअरमध्ये बसते का आणि घरी घ्यायच्या पेनचं काय, हे कंपनीला आधी लेखी विचारा. औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी हिशेब करायचा. काहीच फरक नसेल तर बदलायचं, थोडा असेल तर सहा महिन्यांपर्यंत थांबायचं.