कोरलशिवाय एक लग्नसराई: लिनक्सवरचे आठ महिने

माझं काम लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या पाट्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. गाव सांगली. संगणक चौथ्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, हे कळलं तेव्हा नवा संगणक घ्यायची ऐपत नव्हती. भाच्याने ऑगस्टमध्ये लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) घालून दिलं. खर्च एका एसएसडीचा (वेगवान डिस्कचा).

संगणक पळायला लागला, पण कोरल, म्हणजे पत्रिका काढायचं कोरलड्रॉ, कुठून आणायचं? कोरलड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्ती २००० साली निघाली होती म्हणे, पुढे ती बंदच पडली. मग इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, म्हणून आधी नाक मुरडलं होतं. आता चौकटी, वेलबुट्ट्या, गणपतीचं रेखाटन सगळं त्यातच करते. हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून ट्रेस केलं (रेषांत उतरवलं) की नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, थोडे जास्त पडतात; बसून पुसावे लागतात. एवढीच कटकट.

मराठी? इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कळरचना) शिकले, पंधरा दिवस बोटं अडखळली. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आता मनात न आणता येतो: शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग य. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यातला ल आणि श आपल्या वळणाचा आहे. हिंदी वळणाचा ल पाहिला की आमचे एक गिऱ्हाईक सर पत्रिका परत करतात.

आता माझा गाढवपणा. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली मोठी ऑर्डर, ४०० पत्रिका. इंकस्केपमधून थेट पीडीएफ काढून छापखान्यात दिली. माझ्याकडच्या इंकस्केप १.४ मधून पीडीएफ आरजीबीच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते, हे ठाऊक असूनही विसरले. तिकडे ते रंग छपाईच्या शाईंत बदलताना साध्या काळ्याचा चार शाई एकावर एक बसवलेला काळा झाला. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ ठीक होती, कारण अक्षर मोठं. पण खालचा ९ पॉइंटचा पत्ता! एका शाईची प्लेट केसभर सरकली होती, प्रत्येक काना-मात्रेला गुलाबी सावली. पुन्हा छापाव्या लागल्या, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून चित्र इंकस्केपमध्ये, ते एसव्हीजी फाइल करून स्क्रायबस या पान जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि सगळं मॅटर (मजकूर) स्क्रायबसमध्येच. काळा म्हणजे फक्त के १०० (एकटी काळी शाई), ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमी, पीडीएफ/एक्स-३ (छपाईसाठीची पीडीएफ). स्क्रायबस जुनी १.४ घेऊ नका, तिच्यात जोडाक्षरं फुटतात, १.६ ची अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी फाइल) उतरवून घ्या. दिसायला ओबडधोबड आहे आणि एखादी गोष्ट अनडू होत नाही, म्हणून मी दर दहा मिनिटांनी नव्या नावाने सेव्ह करते. फ्लेक्सला या भानगडी नाहीत, जेपीईजी दिली की झालं.

खरा ताप झाला तो जुन्या फायलींचा. दहा वर्षांच्या सीडीआर (कोरलच्या) फायली इंकस्केपमध्ये उघडतात, चौकटी बऱ्यापैकी येतात, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मॅटर इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. कर्व्ह करून (अक्षरांच्या रेषा करून) ठेवलेल्या फायली वाचल्या. बाकीचं पुन्हा टाइप. दोन आठवडे गेले. शिवाय छापखान्यातून सुरुवातीला फोन यायचा, “ताई, कोरल फाइल टाका की.” मी म्हणायचे, “दादा, पीडीएफ कर्व्ह केलेली आहे, थेट लावा.” पहिल्यांदा कुरकुर झाली. आता ते विचारत नाहीत, पण शेवटच्या क्षणी तारीख बदलायची असली की काम माझ्याकडे परत येतं, कारण त्यांना ते जागेवर बदलता येत नाही. रात्री साडेअकराला मंगल कार्यालयाचं नाव बदललंय मी.

स्वतःच्या गिऱ्हाइकांचं काम असेल आणि छापखाना पीडीएफ घेत असेल तर खुशाल या. दुसऱ्याच्या दुकानात बसून रोज त्यांच्या कोरल फायली हाताळायच्या असतील तर नको. माझ्या जुन्या डिस्कवर अजून साठेक सीडीआर फायली पडल्या आहेत. गिऱ्हाईक आलं की तेवढीच उघडते.