द क्रू: बोलायचं नाही, पानांतून सांगायचं

सहकारी बोर्ड गेम ज्यांनी खेळलेत, म्हणजे सगळ्यांनी मिळून गेमविरुद्ध खेळायचं, जिंकलो तर सगळे आणि हरलो तर सगळे, त्यांना त्यातला एक जुना त्रास नक्की माहिती असणार. टेबलावरचा एक जण सगळ्यांच्या वाटचं खेळतो. पँडेमिकच घ्या, मॅट लीकॉकचा 2008 चा गेम, मला अजूनही आवडतो, पण त्यात जवळजवळ सगळी माहिती समोर उघडी असते, त्यामुळे ज्याला हिशोब पटकन जमतो तो तू इकडे जा, तू ते कार्ड तिला दे असं सांगत सुटतो आणि बाकीचे नुसती प्यादी सरकवत बसतात. सगळे म्हणतात की हा खेळाचा दोष नाही, माणसाचा आहे, त्याला समजावून सांगा. मला ते पटत नाही. जो खेळ चांगला खेळायचा म्हणून माणसाला असं वागावंच लागतं त्या खेळाच्या रचनेतच काहीतरी राहिलेलं असतं, आणि द क्रूने ती गोष्ट इतक्या कमी सामानात सोडवलीय की मला त्याबद्दल सविस्तर लिहायचंच होतं.

तर द क्रू: द क्वेस्ट फॉर प्लॅनेट नाइन. डिझायनर थॉमस झिंग, जर्मनीच्या कॉसमॉसने 2019 मध्ये काढला आणि 2020 चं केनरश्पील डेस यारेस त्याला मिळालं, म्हणजे तिथल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाच्या पुरस्कारांपैकी जो जरा मुरलेल्या खेळाडूंसाठी असतो तो. डबा छोटासा. आत खेळायची 40 पानं, चार रंगांची 1 ते 9 आणि वर चार रॉकेटं, रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम, बाकीच्या सगळ्या रंगांवर भारी. ज्याच्याकडे 4 चं रॉकेट तो कमांडर, पहिलं पान तो उतरतो. पुढे सगळं आपल्या ओळखीचं, उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, नसेल तर काहीही टाका, सगळ्यात मोठ्या पानाचा हात, म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकून झालेली ती फेरी, हुकूम पडला तर हुकमाचा. फक्त एक लक्षात ठेवा, यात 1 हे सगळ्यात छोटं पान आहे, एक्का मोठा धरायची सवय असलेले लोक पहिल्या डावात हमखास तिथे अडखळतात.

आता गंमत अशी की हात जास्त करायचे नाहीयेत. प्रत्येक मिशनला काही छोटी टास्क कार्डं उघडी मांडतात, प्रत्येक कार्डावर एक पान असतं, समजा निळी तिर्री, आणि कमांडरपासून सुरू करून एकेकाने त्यातलं एक उचलायचं. ज्याने निळी तिर्री उचलली त्यानेच तो हात जिंकायचा ज्यात निळी तिर्री पडेल. दुसऱ्या कुणी चुकून जिंकला की मिशन तिथेच संपलं, पिसा परत. पहिल्या मिशनला एकच टास्क, मग दोन, तीन, पुढे कोणतं टास्क आधी कोणतं नंतर त्याचा क्रम लागतो, काहींना सगळ्यात शेवटी असा शिक्का लागतो, आणि अशी 50 मिशनं आहेत.

आणि बोलायचं नाही. आपल्या हातात काय आहे, काय हवंय, कुणी काय उतरावं, काहीच नाही. प्रत्येकाला एका मिशनमध्ये फक्त एकदा, दोन हातांच्या मध्ये, आपलं एक पान उघडं करून समोर ठेवता येतं आणि त्यावर एक टोकन. टोकन वर ठेवलं तर या रंगाचं माझ्याकडचं हे सगळ्यात मोठं, खाली ठेवलं तर सगळ्यात छोटं, मध्ये ठेवलं तर या रंगाचं माझ्याकडे एवढंच. हुकमाचं पान दाखवता येत नाही, आणि मधलंच एखादं पान असेल ना मोठं ना छोटं, तर तेही दाखवता येत नाही. पूर्ण मिशनभर एवढंच बोलणं.

ऐकायला कमी वाटतं पण त्यात किती मावतं ते एका डावावरून सांगते. चौघं खेळतोय, प्रत्येकाकडे दहा पानं. माझ्यासमोरच्याने पिवळ्या सत्तीचं टास्क स्वतःहून उचललंय. माझ्याकडे पिवळ्या रंगाचं एकच पान आहे आणि ते नव्वी. म्हणजे पिवळं कुणीही उतरलं की मला नव्वी टाकावीच लागणार आणि त्याच हातात सत्ती पडली तर खेळ खलास. मी नव्वी उघडी ठेवते, टोकन मध्ये. आता माझ्या डावीकडे जी बसलीय तिच्याकडे पिवळी अठ्ठी आहे. ती बघते की नव्वी इथे, अठ्ठी आपल्याकडे, आणि तरीही समोरच्याने सत्ती उचलली, म्हणजे एकतर सत्ती त्याच्या स्वतःच्याच हातात आहे आणि तिच्यावरची मोठी पानं निघून जायची तो वाट बघतोय, नाहीतर त्याच्याकडे रॉकेट आहे. दोन्हीकडून आपली अठ्ठी गेलेली बरी. मग चौथा एखादं छोटं पिवळं उतरतो, मी नव्वी टाकते, ती माझ्या नव्वीखाली अठ्ठी सोडून देते, समोरचा आपली पिवळी दुर्री टाकतो, एका हातात दोन्ही अडथळे बाजूला. आता हुकूम कुणी मारला नाही तर पिवळी सत्ती सगळ्यांच्या वर. कुणी एक शब्द बोललेलं नाही आणि चौघांनी मिळून एक बेत आखला आणि पारही पाडला. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा टेबलावर जो आवाज होतो तो मला दुसऱ्या कुठल्या सहकारी गेममध्ये फारसा ऐकायला मिळालेला नाही.

आणि म्हणूनच यात कुणी कुणाचं खेळू शकत नाही. कितीही हुशार असा, दुसऱ्याची पानं तुम्हाला दिसत नाहीत आणि सांगायला तोंड नाही, त्यामुळे समोरच्यावर विश्वास टाकावाच लागतो. टास्क कुणी कोणतं उचललं, कुणी कोणतं टाळलं, टोकन आत्ता का वापरलं आणि मगाशी का नाही, सगळंच बोलणं होऊन बसतं. माझ्या मते टोकन कधी वापरायचं हाच या खेळातला सगळ्यात बारीक निर्णय आहे. नवीन लोक पहिल्या हाताच्या आधीच वापरून टाकतात आणि मग ती माहिती जुनी होत जाते, कारण दाखवलेल्या पानावरचं टोकन पुढे बदलत नाही, मगाशी जे सगळ्यात मोठं होतं ते खेळता खेळता एकटंच उरलेलं असू शकतं, आणि हे दुसऱ्यांनी मोजून ओळखायचं. काही मिशनमध्ये तर टोकन ठेवायचंच नाही, नुसतं पान दाखवायचं, हे मोठं की छोटं की एकटं ते बाकीच्यांनी ठरवावं. काहींमध्ये ठराविक हात होईपर्यंत दाखवायलाच बंदी.

टास्क कार्डं नसलेली मिशनं मला जास्त लक्षात राहिलीत. सुरुवातीच्याच एकात एक जण आजारी पडतो आणि त्याने एकही हात जिंकायचा नाही. कमांडर प्रत्येकाला विचारतो कसं वाटतंय, उत्तर फक्त बरं किंवा बरं नाही, आणि त्यावरून तो आजारी माणूस निवडतो. सगळी मोठी पानं हातात घेऊन बसलेल्याने बरं नाही म्हटलं तर संपलंच. दुसऱ्या एकात कुठल्यातरी रंगाच्या 1 ने हात जिंकायचा, म्हणजे सगळ्यात फालतू पान इतक्या उशिरा उतरायचं की त्या रंगाचं कुणाकडे काही उरलेलंच नसावं आणि हुकूमही कुणी मारू नये. रंग मोजायची सवय नसेल तर हे मिशन ती लावतं, न बोलता.

आता जे पटलं नाही तेही. गोष्ट म्हणून जी आहे, नवव्या ग्रहाच्या शोधात निघालेलं यान वगैरे, ती प्रत्येक मिशनच्या वर चार ओळींची आहे आणि आम्ही तर थोड्या वेळाने वाचायचंच सोडून दिलं, खेळाला तिचा काही आधार नाही. दुसरं, पानं कशी वाटली जातात त्यावर बरंच आहे. कधी टास्क इतकी सोपी बसतात की विचार न करता मिशन सुटतं, कधी उचलतानाच कळतं की हे होणारं नाही, आणि तुमच्याच हातातलं 1 चं टास्क तुमच्या गळ्यात पडलं तर जवळपास मेलातच. त्यासाठी डिस्ट्रेस सिग्नल आहे, सगळ्यांनी एकाच दिशेने शेजाऱ्याला एक पान द्यायचं, रॉकेट सोडून, आणि त्याबदल्यात, मिशन किती प्रयत्नांत सुटलं ते लिहायच्या नोंदवहीत एक जादा प्रयत्न धरायचा. मदत होते, पण नशीब पूर्ण जात नाही. एक मिशन पाचेक मिनिटांचं असल्यामुळे मला त्याचा राग येत नाही, लांबलचक गेममध्ये असं झालं असतं तर आला असता.

किती जणांनी खेळावा? चार. तिघांत माहिती जरा जास्त सहज हाताला लागते, पाचांत प्रत्येकाकडे आठच पानं येतात आणि खेळ खरंच कठीण होतो, मुरलेल्या ग्रुपला तेच हवं असतं. दोघांसाठी जो प्रकार दिलाय, तिसऱ्या काल्पनिक खेळाडूची 14 पानं मांडून, सात उघडी आणि त्यांच्याखाली सात पालथी, आणि ती कमांडरने खेळायची, तो चालतो, पण खेळाचा जीव म्हणजे न दिसणाऱ्या हाताबद्दलचा अंदाज, तो त्यात निम्मा होतो. फक्त दोघांसाठी म्हणून घेऊ नका.

2021 मध्ये याचाच दुसरा डबा आला, द क्रू: मिशन डीप सी. पानं तीच, रॉकेटांच्या जागी पाणबुड्या. बदललीत ती टास्क कार्डं, आणि तिथेच सगळा फरक पडतो. 96 आहेत आणि नुसतं अमुक पान जिंका असं नाही, तर मी पहिला हात जिंकेन, मी नेमके एवढेच हात जिंकेन, मी एकही नव्वी घेणार नाही, मी कॅप्टनपेक्षा, म्हणजे इथल्या कमांडरपेक्षा, जास्त हात करेन, असली. प्रत्येक कार्डावर तीन, चार आणि पाच खेळाडूंसाठी वेगवेगळा कठीणपणाचा आकडा छापलेला असतो, मिशन फक्त बेरीज सांगतं आणि ती होईपर्यंत कार्डं काढायची. त्यामुळे मिशनं 32 च असली तरी तेच मिशन परत खेळलं तर वेगळंच निघतं. पहिल्या डब्याचं तसं नाही, 50 संपल्यावर परत उघडावासा वाटतो पण ओढ कमी झालेली असते.

हातांचे खेळ आधी खेळलेला ग्रुप असेल तर मी सरळ डीप सी घ्या म्हणेन. हुकूम म्हणजे काय इथपासून सुरुवात असेल तर पहिला, कारण त्यातली चढण फार हळू आणि नीट बांधलीय, दहाएक मिशनमध्ये माणूस रंग मोजायला लागतो आणि कुणी शिकवलेलं नसतं. दोन्ही घ्यायची गरज मला वाटत नाही, पहिला संपवून मग दुसरा घेतलात तर मात्र मजा येते.

याच जातीचे आणखी दोन गेम लोक नेहमी विचारतात. हनाबी, आंत्वान बोझाचा, त्याच पुरस्कारांतलं मुख्य, 2013 चं श्पील डेस यारेस मिळालेला, त्यात पानं उलटी धरायची, बाकीच्यांना दिसतात आणि आपल्याला नाही, आणि इशाऱ्यांसाठी मोजून आठ टोकनं. सुंदर रचना आहे पण त्यात ग्रुपमध्ये हळूहळू इशाऱ्यांचे ठरलेले अर्थ तयार होतात आणि नवा माणूस बसला की तो बाहेरच राहतो. द माइंड, वोल्फगांग वार्शचा, 2018, त्यात 1 ते 100 पानं, काहीही न बोलता, खूणही न करता चढत्या क्रमाने टाकायची. लगेच खेळायला बसता येईल असा तो एकच आहे यातला, पण त्यात विचार करण्यासारखं कमी आणि श्वास रोखून बसण्यासारखं जास्त, एका संध्याकाळी भरपूर होतो. विचार आणि शांतता दोन्ही हवं असेल तर माझं मत द क्रूच.

एक गोष्ट मात्र खेळायला बसायच्या आधी ठरवून घ्या, शांत म्हणजे किती शांत. मिशन चालू असताना सुस्कारा, भुवया, पान टाकताना मुद्दाम लावलेला वेळ, यातून लोक नकळत सगळं सांगून टाकतात आणि मग टोकनला किंमतच राहत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की मिशन चालू असताना पानांबद्दल काहीच नाही, चेहराही सरळ, पण हरलो की पानं उघडी टाकून पाहिजे तेवढं बोला, तू ती अठ्ठी का धरून ठेवलीस, मला वाटलं रॉकेट तुझ्याकडे आहे, वगैरे. बऱ्याचदा ही चर्चा मिशनपेक्षा जास्त वेळ चालते आणि पुढच्या डावाला सगळे आधीपेक्षा बरं खेळतात.