कडप्प्याच्या कपाटात शिलाई मशीन: पेठेतल्या सुतार मिस्त्रींचं काम

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या. शिलाई मशीन पलंगाच्या पायथ्याशी, कापडाचे गठ्ठे पलंगावर. ब्लाउजची ट्रायल घ्यायला बाई आली की लेकानं वही-पुस्तक उचलून स्वयंपाकघरात जायचं. एका मॉड्युलर फर्निचरवाल्यानं मापं घेतली आणि सांगितलं, भिंतीतलं जुनं कपाट बुजवा, पुढं नवं युनिट बसवू. म्हणजे होती तीही जागा गेली!

मग गल्लीतल्याच मिस्त्रींना बोलावलं. साडेतीन फूट रुंद, वीस इंच खोल कपाट, सागवानी दारं, आत कडप्पे. त्यांनी मधल्या कडप्प्यावर मूठ आपटली अन् म्हणाले, "वहिनी, ह्याच्यापेक्षा भक्कम टेबल तुम्हाला कोण देणार? ह्यो हलत न्हाई." मग मला स्टुलावर बसवून कोपर जमिनीपासून किती वर येतं ते मोजलं, गुडघे मोजले. कपाटाआधी माणसाचं माप घेणारा सुतार मी पहिल्यांदाच बघितला.

मधला कडप्पा नेमका मशीनच्या उंचीवर निघाला, तो ठेवला. खालचा काढला, तिथं आता पाय जातात. मशीनखाली रबराचं शीट टाकलंय, त्यामुळं मोटर चालू असताना वरच्या फळीवरच्या डब्या खुळखुळत नाहीत. डाव्या दाराच्या आत प्लायवर खुंट्या मारून दोऱ्याची रिळं, उजव्या दारात कात्र्या आणि टेप. कपाटाशेजारच्या भिंतीला घडीच्या ब्रॅकेटवर कटिंगची फळी, काम झालं की खाली पाडायची. दारं लावली की पाहुण्यांना पत्ताही लागत नाही.

प्लाय बीडब्ल्यूआर, म्हणजे ओलाव्याला टिकणारा, अठरा मिमी, टिंबर मार्केटातून मीच आणला. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडला असता, पण २०१९ च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत बहिणीचं तसलं कपाट पापडासारखं फुगलेलं बघितलंय. आमच्याकडं पूर येत नसला तरी ही भिंत पावसाळ्यात ओल धरते. म्हणून मिस्त्रींनी मागचा प्लाय भिंतीला चिकटवला नाही, पट्ट्या मारून मागं हवेला जागा सोडली. हे मी सांगितलं नव्हतं.

आता तक्रारी. कडप्पा काढताना गिलावा निघणार आणि गवंडी वेगळा लागणार, हे आधी बोलले नाहीत. तो खर्च अंगावर आला. "उद्या येतो" हे कोल्हापुरी उद्या असतं, ते मनात धरूनच तारीख ठरवा. लग्नसराईच्या तोंडावर तर अजिबात काम देऊ नका. दिव्याची पट्टी त्यांनी पिवळी लावली होती. त्या उजेडात मोरपंखी आणि बाटली हिरवा एकच दिसतो, पैठणीच्या ब्लाउजला दोरा जुळवणार कसा? वायरमननं ती काढून पांढरी लावली. लाइटचं काम मिस्त्रींकडं देऊच नका, त्यांचा हात लाकडात आहे.

प्लाय, बिजागऱ्या, ब्रॅकेट आणि मजुरी धरून साडेअकरा हजार, गवंडी सोडून. नवीन मोठं फर्निचर करायचं असेल तर दुसरीकडं विचारा, त्यांना त्यात फारसा रस नाही. जुन्या घरातलं कपाट, फडताळ असं काही असेल तर ह्यांनाच दाखवा. शेजारच्या काकूंनी जिन्याखालचं कपाट दाखवलंय, लेकीच्या अभ्यासाला. तिथं बसल्यावर डोकं आपटतं का, ते बघायला काल मिस्त्री स्वतःच आत बसले होते.