‘विंडोजचं बटण आणि आर दाबा’

सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू होती, कारखान्यात माणसं कमी होती आणि मी घरी बसून बिलांचं साचलेलं काम उरकत होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, हिशेब मी बघते. पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर कधीतरी कॉम्प्युटरवर घेतलं होतं, ते सारखं मध्येच येऊन पैसे मागायचं. काढायला गेलं की ‘प्रोग्रॅम चालू आहे, आधी बंद करा’ असा मेसेज. तो कुठे चालू आहे तेच मला सापडेना.

मग इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर एक मदतीचा नंबर आला. ती जाहिरात असल्याचं शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असणार, मी बघितलंच नाही. नंबर लावला.

समोरचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. “मॅडम, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा.” एक छोटी चौकट उघडली. त्यात त्याने एकेक अक्षर सांगून ‘ई-व्ही-ई-एन-टी-व्ही-डब्ल्यू-आर’ टाइप करायला लावलं. पुढे एक यादी उघडून दिली, तर लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण खालपर्यंत. “हे सगळे व्हायरस. म्हणून तुमचं सॉफ्टवेअर निघत नाही.” माझ्या पोटात गोळा आला. जीएसटीचं सगळं त्याच मशीनवर!

तरी मी विचारलं, तुम्ही खरे कशावरून? तर परत तीच बटणं, मग ‘सी-एम-डी’, काळ्या खिडकीत ‘ए-एस-एस-ओ-सी’ आणि एंटर. भराभर ओळी सरकल्या. “शेवटाजवळ एक लांब नंबर दिसेल. तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर आहे, आमच्याकडे नोंद आहे. मी वाचतो, तुम्ही जुळवा.” ८८८डीसीए६० पासून त्याने वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं जुळलं. तिथे माझा विश्वास बसला.

पुढचं भराभर झालं. दुरून स्क्रीन बघायचं ॲप आधी कॉम्प्युटरवर, मग ‘फोनही त्याच वायफायवर आहे’ म्हणून फोनवर. सफाईचे २,५०० आणि जीएसटी धरून २,९५० रुपये, तेही नेटबँकिंगनेच भरायचे, त्याच्या डोळ्यांसमोर. बिल मागितलं तर मेलवर येईल म्हणाला. मग स्क्रीन काळी झाली. “सफाई चालू आहे, २० मिनिटं कशालाच हात लावू नका.” मी हात लावला नाही.

ह्यांचा फोन घरच्या लँडलाइनवर आला, “खात्यातून कुणाला पैसे पाठवतेयस?” बँकेचे मेल त्यांच्याकडे जातात. २५,००० गेले होते, १५,००० गेले होते, ४,८०० गेले होते. ओटीपी माझ्याच फोनवर आले होते आणि तो ते तिकडे बसून वाचत होता. ते पैसे कामगारांच्या आठवड्याच्या पगाराचे होते.

राउटरची वायर उपटली, मोबाइल बंद केला आणि लँडलाइनवरून १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. खाते नंबर, व्यवहाराचे नंबर, वेळा सगळं विचारतात. असं काही झालं तर बँकेची शाखा कधी उघडते याची वाट बघू नका, आधी १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात. आमचे १५,००० अडकून राहिले, बाकीचे निघून गेले होते. तक्रार ऑनलाइन नोंदवली, सायबर पोलिसांकडेही जाऊन आलो.

संध्याकाळी भाचा आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला, तीच काळी खिडकी, तीच अक्षरं. “मामी, वाच.” ८८८डीसीए६०... तोच नंबर, अक्षरन् अक्षर! तो लायसन्स नंबर नाहीच, विंडोजमधल्याच एका भागाचा ठरलेला क्रमांक आहे, सगळीकडे सारखाच. लाल खुणाही त्याच्या लॅपटॉपवर होत्या. चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही त्या असतात, विंडोज बारीकसारीक अडचणींची नोंद ठेवतं म्हणून.

मग त्याने माझं मूळ काम केलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून चालू प्रोग्रॅमची यादी उघडली, त्यात ते पीडीएफवालं निवडून बंद केलं. मग विंडोज आणि आर, चौकटीत ‘ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड’, टिंब, ‘सी-पी-एल’. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी आली. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की त्यावर जातं, एंटर दाबलं की काढायचं विचारतं. गेलं. त्या माणसाने बसवलेलं ॲपही असंच काढलं, आणि फोनवरचंसुद्धा. बँकेचा पासवर्ड मात्र ह्यांच्या फोनवरून बदलला, माझ्या मशीनवर त्या दिवशी कुठलाच पासवर्ड टाइप करायचा नाही म्हणाला.

मला जे हवं होतं ते त्याच चौकटीत होतं. त्या माणसाने दोनदा ती माझ्याकडून उघडून घेतली आणि दोन्ही वेळा दुसरंच दाखवलं.

चार दिवसांनी परत फोन आला, नंबर वेगळा, आवाज तोच. “मॅडम, तुमचे पैसे परत द्यायचे आहेत. कॉम्प्युटर चालू आहे ना? विंडोजचं बटण आणि आर दाबा.” मी फोन ठेवला आणि तो नंबरही पोलिसांना दिला.